एकोणिसावी मुलाखत

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट अडकली, तेव्हा आत दोघंच होती. ती चौथ्या मजल्यावरच्या कंपनीतली रिसेप्शनिस्ट. आणि तो, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल छातीशी धरून त्याच कंपनीत इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखतीला निघालेला.

"इंजिनिअर ना तुम्ही? मग करा की काहीतरी!"

"मेकॅनिकल. फर्स्ट क्लास." तो खाली बघत म्हणाला, "लिफ्टवरचा प्रश्न आला होता परीक्षेत... मी ऑप्शनला टाकला."

ती खुदकन हसली. मग तोही.

"कितवी मुलाखत?"

"एकोणिसावी. आई हल्ली विचारत नाही. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, निकाल यायचाय."

तिचं हसू मावळलं. ही जागा साहेबांच्या भाच्याला मिळाली होती. नेमणुकीचं पत्र कालच तिनं स्वतः टाइप केलं होतं. बोलावं तर नोकरीवर गदा, गप्प बसावं तर... तिनं सांगून टाकलं.

त्यानं शर्टाची कॉलर नीट केली. "तरी जातो. इस्त्री कशाला वाया घालवू?"

इतक्यात मेकॅनिकनं दार उघडलं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. पण तो घरी गेला नाही. उस्तादांच्या शेजारी उकिडवा बसून उघड्या यंत्रात बघत राहिला.

पुढच्या महिन्यात उस्ताद सर्व्हिसिंगला आले, तेव्हा मागे निळ्या गणवेशात तो होता. तिला पाहताच त्यानं हत्यारांच्या पेटीत डोकं खुपसलं.

"ओळख विसरलात?"

"तुम्हीच विसरा. घरी माहीत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, वर्कशॉपमध्ये बदलतो."

मग मात्र त्या लिफ्टचं दर आठवड्याला काहीतरी बिघडू लागलं. तो यायचा, ती चहा आणून द्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. उस्ताद एकदा म्हणाले, "लिफ्ट ठणठणीत आहे रे. दुखणं दुसरीकडेच दिसतंय."

एके दिवशी ती म्हणाली, "मला बघायला येणार आहेत. रविवारी."

तो पाना पुसत राहिला. "इंजिनिअर आहे?"

"आहे. नोकरीवाला."

"मग... बरंच झालं."

"बरं झालं? मी नोकरी पणाला लावून तुला खरं सांगितलं होतं. तुला स्वतःच्या घरात खरं बोलता येत नाही?"

त्यानंतर आठ दिवस तो फिरकला नाही; उस्ताद एकटेच येऊन गेले. रविवारी पाहुणे येऊन गेले. 'विचार करून सांगते,' एवढंच ती घरी बोलली.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती बसस्टॉपवर उभी होती. समोरून तो आला, निळ्या गणवेशात. सकाळी घरूनच तसा निघालेला.

"सांगितलं."

"मग?"

"बाबा बोलत नाहीत. पेपर उघडून बसतात, पान उलटत नाहीत. आई म्हणाली, निदान जेवून जात जा." तो थांबला. "आणि... तुझ्याबद्दलही सांगितलं."

"मला न विचारता?"

"चुकलंच."

बस आली. दार उघडलं. कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं; तिनं मानेनंच नाही म्हटलं. बस निघून गेली.

"विचार आता," ती म्हणाली.