चकचकीत पातेलं

शेजाऱ्याचा फोन आला तसा धाकटा अनवाणीच धावत सुटला. थोरल्या भावाच्या घरामागच्या साबणाच्या कारखान्यात भडका उडाला होता. भावाचा चेहरा भाजला होता, डोळ्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं होतं. त्याला दवाखान्यात हलवलं होतं.

कारखान्याच्या दारातच अग्निशमन दलाच्या अधिकारी बाई भेटल्या. मागे वहिनी.

"भावोजींनीच केलंय!" वहिनी ओरडली. "भांडून गेले होते. सोड्यात पेट्रोल ओतलं असणार!"

भांडला तर धाकटा होताच, तेही साबणाला कुठला वास घालायचा एवढ्यावरून. "उचल आता पातेलं एकटाच!" असं म्हणून तो तरातरा निघून गेला होता. ते बोलणं आता त्याला आतून कुरतडत होतं.

"सोडा कशात कालवता?" बाईंनी विचारलं.

"ह्यात." वहिनीनं शेगडीजवळचं स्टीलचं मोठं पातेलं दाखवलं. "भरलं की फार जड होतं. उचलायला दोघं लागतात."

"आजही ह्यातच?"

"ह्यातच. झाकण ठेवलं, तेल तापवायला ह्यांनी शेगडी पेटवली आणि भडाम!"

बाईंनी हातमोजा घालून पातेल्यात बोट फिरवलं. कोरडं ठाक. भिंतीवर पांढरे शिंतोडे होते, झाकण आपटून छताचा गिलावा पडला होता, पातेल्याला मात्र साधा पोचा नव्हता. फरशीवरच्या शिंतोड्यांत एक गोल जागा स्वच्छ राहिली होती. बाईंनी पातेलं तिच्यावर ठेवून पाहिलं. ते चांगलं वीतभर मोठं निघालं. मोरीत करडा गाळ साचला होता.

"पेट्रोलचा वास येतोय का कुणाला?"

कुणालाच येत नव्हता.

बाईंनी काचेच्या बरणीत सोड्याचं पाणी घेतलं आणि ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्याचा तुकडा आत टाकला. थोड्या वेळानं बुडबुडे फसफसू लागले.

"हा हायड्रोजन. ठिणगीचा अवकाश, की पेटतो. स्टीलला हा सोडा काही करत नाही, ॲल्युमिनियमला मात्र खातो, मोरीतला करडा गाळ त्याचाच. आज सोडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात होता. वायू झाकणाखाली साठला, फटीतून शेगडीकडे गेला. नंतर कुणीतरी फुटकं भांडं लपवून हे चकचकीत आणून ठेवलं. तुमचे मिस्टर दवाखान्यात आहेत, दीर आत्ता आलेत. मग उरलं कोण?"

वहिनीनं मोरीमागचं फुटकं पातेलं ओढून पुढे आणलं.

"त्यांची पाठ धरली होती हो. एकट्यानं ते धूड कसं उचलणार? म्हणून मी हलकं आणलं, ते यायच्या आधी सोडाही कालवून ठेवला. त्यांना आयतं मिळावं म्हणून! ते नुसते शेगडी पेटवायला वाकले..." तिला हुंदका आवरेना. "जीव घाबरला माझा. भावोजी, तुमचं नाव घेतलं मी. कुठं फेडू हे पाप?"

धाकट्याला राग यायला हवा होता. आला नाही. वहिनीनं पातेलं बदललं, पण बदलायची वेळ कुणी आणली?

धाकटा आणि वहिनी दवाखान्यात पोचले, तेव्हा दादाच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. एक डोळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली.

"कुणी केलं, कळलं का?"

"मी," दोघंही एकदमच म्हणाली.