व्यंकूचा फोन

दूध उतू जायच्या आधी त्याचा वास बदलतो.

बेंगळूरच्या एका लहानशा कारखान्यात एक इंजिनिअर पट्टी घेऊन आकड्यांची उंची मोजतो. अजून मोठे, तो म्हणतो. अजून!

एकोणीसशे छप्पन साली राज्य बदललं, आणि उर्दूत मोत्यासारखं लिहिणारे बिदरच्या कचेरीतले अच्युतराव चाळिसाव्या वर्षी पाटी घेऊन कन्नडची बाराखडी गिरवायला बसले. पाटी पुसता पुसता डोळेही पुसत.

सोमवारी रुजू व्हावे. मराठी शाळा, निंबर्गा, तालुका आळंद.

शेजारची राजूबाई विचारते, “ह्ये यंत्र बोलतंय व्हय? मंग त्याला भाकर-पाणी दावावं लागतंय का न्हाई?”

आणि रविवारी सकाळी दहा वाजता, कमठाण्याच्या घरात, एक आई मुलाशी फोनवर बोलते आहे.

*

साल एकोणनव्वद. महिना जूनचा. मधल्या खोलीत नलिनीबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि रिसीव्हर कानाशी धरून बेंगळूरच्या व्यंकटेशशी बोलत होत्या.

“जेवलास का रे?… असं का?… मी बरी आहे. गुडघे दुखायलेत, पण ते कधी दुखत नव्हते?… अनूची बॅग भरून झाली बघ. उद्या सकाळच्या गाडीनं निघायली ती…”

मागे त्यांची थोरली लेक अनसूया बॅगेचा पट्टा आवळत होती. वडील, म्हणजे अच्युतराव, गेले तेव्हा तिनं गुलबर्ग्याचं कॉलेज सोडलं होतं. धाकटा व्यंकटेश इंजिनिअर झाला होता, आणि ती आईजवळ राहिली होती… राहता राहता छत्तीस वर्षांची झाली होती. आता कुठं, वयाची अट सरत आली असताना, तिला सरकारी शाळेत नोकरी लागली होती. आई अडीअडचणीला आपली आपण फोन करू शकते, एवढ्या एका भरवशावर ती निंबर्ग्याला जायला तयार झाली होती. रात्री सोबतीला राजूबाई येणार होती, दिवसा हा फोन होता. फोन नसता तर ती गेली नसती. नलिनीबाईंना हे आपल्या श्वासाइतकं पक्कं ठाऊक होतं!

रिसीव्हरमध्ये कुणीही नव्हतं.

पहिल्या रविवारपासूनच कुणी नव्हतं. नुसता एक पोकळ आवाज होता, ओसाड आडात डोकावल्यासारखा. कारण नलिनीबाईंना दिसत नव्हतं. कमी दिसत होतं असं नव्हे. काहीच दिसत नव्हतं. काचबिंदूनं शेवटचा उजेड नेला त्याला चार वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांनी पोटच्या लेकीलाही कळू दिली नव्हती. घर तोंडपाठ होतं. चूल, रांजण, उंबरा, देवघर… सगळं पावलांना ठाऊक. ‘धूसर दिसतं गं, पण दिसतं,’ असं त्या म्हणत, आणि अनसूया विश्वास ठेवी. ‘काहीच दिसत नाही’ म्हटलं असतं तर लेकीच्या पायात जन्मभराची बेडी पडली असती… त्यापेक्षा अंधार परवडला!

आणि हा फोन? तो तर व्यंकूनं स्वतः घडवला होता, खास म्हाताऱ्या माणसांसाठी. गावात नवं ऑटोमॅटिक एक्स्चेंज आल्यावर दिवाळीत तो घेऊन आला होता. “नंबर फिरवायला नको, दाबायलासुद्धा नको, आई! बोट नुसतं टेकव. आणि आकडे बघ केवढे केलेत!” नलिनीबाईंनी हात फिरवला होता. काचेसारखी गार, गुळगुळीत पाटी. बोट टेकलं की आत खोल कुठंतरी एक बारीक स्वर वाजे, जणू पाटीखाली इवलासा जीव बसला आहे… आपल्या उदरातून आलेल्या पोरानं निर्जीवाला कंठ दिला! त्या विस्मयानं त्यांचा ऊर भरून आला होता. पण त्या सगळ्या गुळगुळीत विस्तारावर बोटाला कळेल अशी एकही खूण नव्हती. त्याच्या उत्साहानं थरथरणाऱ्या आवाजासमोर हे कसं सांगायचं? “लई छान दिसायलेत,” त्या म्हणाल्या होत्या.

त्याच दिवाळीत भावाबहिणीचं बिनसलं. “सगळं हातात देऊन देऊन तू आईला पांगळी केलीस, अक्का,” व्यंकटेश बोलून गेला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. निघताना त्यानं बजावलं होतं, “मी फोन करणार नाही, आई. दर रविवारी तूच करायचा. तेव्हाच माझं काम खरं.”

म्हणूनच नलिनीबाईंचं नाटक आजवर निभावलं होतं. अनसूया रिसीव्हर कधीच मागत नसे.

“काय म्हणतोस?” नलिनीबाई आता हसून म्हणाल्या. “हळू बोल बाबा, अनू ऐकायलीय…”

“मी काहीच म्हणलो नाही, आई.”

आवाज रिसीव्हरमधून आला नव्हता. दारातून आला होता.

*

नलिनीबाईंचा हात कानाशीच गोठला. उंबऱ्यावर बूट वाजले. रात्रभराच्या बसचा धुळकट वास… आणि त्याखाली, लहानपणापासूनचा त्याचा स्वतःचा वास. व्यंकू!

“तू… इथं?” अनसूयेचा आवाज फाटला. “मग ही बोलायलीय कुणाशी?”

तिनं आईच्या हातातून रिसीव्हर घेतला. कानाला लावला. किती वेळ ती ऐकत राहिली कोण जाणे… त्या पोकळ आवाजात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

“ऑफिसात बसून राहायचो मी दर रविवारी,” व्यंकटेश म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी. एकटा. घंटा वाजली नाही. मला वाटलं, अक्का, तूच तिला करू देत नाहीस. शेवटी बघायलाच आलो.”

“मी करू देत नाही?”

“शिकवलंस का तरी तिला?”

“व्वा रे शहाण्या! सहा-आठ महिन्यांतून एकदा येणार, पाटी हातात देणार आणि परीक्षा घेणार! डब्यात घालून पाठवलेला लेक नको आम्हाला. जिवंत असला तर पाठव!”

“आणि तू? तुला कुणी ठेवलं होतं बांधून? त्यागाची माळ घालून बसलीस आणि ती रोज आम्हाला दाखवतेस…”

“बास!”

नलिनीबाई उभ्या राहिल्या होत्या. आयुष्यात त्यांनी एवढा आवाज क्वचितच केला असेल.

“मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दोघंही ऐका. काहीच दिसत नाही. चार वर्षं झाली.”

बाहेर राजूबाईच्या कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

“एवढे मोठे आकडे केले… तरी?” व्यंकटेशनं लहान मुलासारखं विचारलं.

“आभाळाएवढे केलेस तरी नाही रे बाळा.”

अनसूयेनं रिसीव्हर खाली ठेवला. “मी तुझ्या शेजारी निजते गं, आई… रोज निजते… तुझ्या हातचं खाते… आणि मला कळलं नाही! कशी गं मी लेक?” हुंदके थांबेनात. मग ते एकदम थांबले, आणि नलिनीबाईंना ज्या आवाजाची भीती होती तोच आवाज आला. बॅगेचं बक्कल उघडलं.

“काय करायलीस?”

“लुगडी काढायलेय. मी जात नाही.”

“अनू, बॅग बंद कर.”

“आंधळ्या आईला टाकून जाऊ? लोक थुंकतील माझ्यावर!”

“लोकांचं सोड!” नलिनीबाई चाचपडत पुढं आल्या, बॅगेच्या कडेवर त्यांनी हात रोवले. “तुझे बाबा गेले तेव्हा तू कॉलेज सोडलंस आणि मी ‘सोडू नको’ म्हणाले नाही. त्या दिवसापासून तुझं आयुष्य गिळून बसलेय गं मी… ते परत करण्यासाठी खोटं बोलले. त्या मुक्या यंत्राशी बोलले! आता एवढं तरी करू दे मला… जा!”

लुगड्यांच्या घड्या एकेक करून चटईवर पडत राहिल्या. नलिनीबाईंना प्रत्येक घडी ऐकू येत होती.

हरल्या. त्या मागं सरकून भिंतीला टेकून बसल्या, आणि जीव कासावीस झाला की जे करत तेच करू लागल्या. ओठांत देवाचं नाव, आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरापेरांवरून चालू लागला… या पेरावरून त्या पेरावर, या बोटावरून त्या बोटावर, न चुकता, न अडखळता.



“आई,” व्यंकटेशचा आवाज अगदी जवळून आला. तो समोर जमिनीवर बसला होता. “काय करायलीस?”

“काय करणार? नाव घ्यायलेय.”

“अंगठा चुकत नाही कधी?”

“आपल्याच हातावर कामून चुकेल?”

त्यानं आईचा हात हातात घेतला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. “एका बोटाला पेरं किती?”

“तीन. तुम्हाला बेंगळुरात जास्त मिळतात का?”

तो हसला नाही. “आणि अंगठा सोडून बोटं चार…” त्यानं आईचा तळवा तिच्याकडं वळवला, बोटं उजवीकडं केली, आणि तर्जनीच्या मुळाशी आपलं बोट टेकवलं. “हा एक. पुढचं पेर, दोन. टोकाचं, तीन. आता मधलं बोट… चार, पाच, सहा. अनामिका… सात, आठ, नऊ. करंगळीचं मधलं पेर, शून्य. त्याच्या दोन बाजूंना दोन खुणा, त्या तुला लागत नाहीत. आई… माझी पाटी अशीच आहे. तीन-तीनच्या चार ओळी. हुबेहूब अशी!”

नलिनीबाईंनी अंगठा हलवला. एक. पाच. नऊ. शून्य… आणि मिटलेल्या त्या अंधारात पहिल्यांदाच ती पाटी उमटली, ओळीनं ओळ, पेरानं पेर. चार वर्षांत त्यांनी काही ‘पाहिलं’ असेल तर ते हे! केवढी ही लीला… दूरदेशी कुणी घडवलेला आकार, आणि तो आपल्या मुठीत जन्मापासून मिटलेला!

“वर्षभर मी आकडे मोठे करत बसलो,” व्यंकटेश म्हणत होता. “कुणा म्हाताऱ्या माणसाचा हात धरून बघितला नाही. तुझासुद्धा नाही…” आणि त्या हातावर कपाळ टेकून तो ओक्साबोक्शी रडला.

मग डोकं न उचलताच त्यानं विचारलं, “अक्का… घरात डिंक आहे का?”

अक्काचं उत्तर दिवाळीपासून अडलेलं होतं. मग फडताळातल्या डब्याचं झाकण वाजलं.

“आहे,” अनसूया म्हणाली. “आणि काय पाहिजे?”

“ज्वारी.”

दोघं फोनवर वाकली. प्रत्येक आकड्यावर एक दाणा, शून्यावर दोन, आणि ओळी वेगळ्या कळाव्यात म्हणून मध्ये चिकटवलेला दोरा. दोघांचा श्वास एकाच जागी ऐकू येत होता.

“जरा डावीकडं. अरे डावीकडं! आंधळा आहेस का?” अनसूया म्हणाली, आणि चटकन जीभ चावली.

आधी हसल्या त्या नलिनीबाई.

*

डिंक वाळेपर्यंत कुणाला जेवण सुचलं नाही. मग फोन त्यांच्या मांडीवर आला. नलिनीबाईंनी उजवा हात त्यावरून फिरवला. ती गार, परकी काच आता खडबडीत झाली होती, शेतावरून आलेल्या हातासारखी.

“कुणाला लावतेस?” व्यंकटेशनं विचारलं. “मी तर इथंच आहे.”

“निंबर्ग्याला. अनू ज्या दुकानाच्या वर राहणार आहे तिथं. अनू, नंबर सांग.”

नंबर सांगणं म्हणजे जाणं, हे तिघांनाही कळत होतं.

“सांग गं माय,” नलिनीबाई हळूच म्हणाल्या.

पावलं जवळ आली. अनसूया खाली बसली. तिनं तोंडानं काही सांगितलं नाही. आईचा डावा हात घेतला आणि करंगळीचं मधलं पेर दाबलं. शून्य. मग दुसरं पेर… मग तिसरं… प्रत्येक आकड्यामागं एक ऊन थेंब तळव्यावर पडत होता, आणि आईचं उजवं बोट तो आकडा पाटीवर शोधत होतं, टेकत होतं, आणि आतला तो इवलासा जीव दर वेळी हुंकार देत होता.

खर्रर्र. शांतता. मग दूर, फार दूर, घंटा.

“हलो! यारु? कोण?” एक भरड आवाज आला. निंबर्ग्याचे अडत व्यापारी बसवंतप्पा. मागं तुरीचे भाव ओरडणारी माणसं.

खरंच माणूस होतं! आळंदच्या पलीकडचं, जिवंत, खोकणारं माणूस… आपल्या बोटांनी उठवलेलं!

“अण्णा, मी कमठाण्याहून बोलायलेय. अनसूयेची आई. ती उद्या येतेय.”

“या म्हणावं. खोली झाडून ठेवलीय.”

“तिला सकाळी चहा लागतो. आणि कडू बोललेलं लागत नाही.”

“आक्का, मी दुकानदार हाय, सासू न्हाई तिची!” तिकडून हसू आलं. मग आवाज मऊ झाला. “काळजी सोडा. माझी लेक समजा.”

नलिनीबाईंनी रिसीव्हर ठेवला. चटईवरच्या घड्या पुन्हा बॅगेत जाऊ लागल्याचा आवाज येत होता. एकटीचे नाहीत, दोघांचे हात भरत होते.

सोमवारी अनसूया गेली. संध्याकाळी नलिनीबाईंनी फोन मांडीवर घेतला. राजूबाई दारात उभी राहून बघत होती, पदर तोंडाशी धरून, देवळात उभी असल्यासारखी.

“आई?” तिकडून आवाज आला. “तू लावलास? तुझी तू?”

“मीच.”

पुढं नुसता श्वास ऐकू येत होता, एकीचा दुसरीला, मध्ये अख्खा मुलूख पसरलेला.

व्यंकटेश बारापर्यंत मोजायला शिकला तो एकोणीसशे साठ साली, आईच्या डाव्या हाताच्या पेरांवर.