आत कोन हाय?

पेणहून दुपारच्या एसटीने रोह्याला निघालो, तेव्हा खिशात एक फ्लॉपी होती, बस्स. साल सत्त्याण्णव. तिथल्या एका केमिकल कारखान्यात टाकीत वाफ सोडणारा प्रोग्राम माझा होता, सी भाषेतला. आणि खोटं कशाला बोलू, तिथल्या महिपती नावाच्या कामगाराचा जीव त्यानेच घेतला होता. काही बिघडलं की प्रोग्राम 'पॅनिक' व्हायचा. तेव्हा मुकाट थांबायचं सोडून तो आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा. अक्कल गहाण टाकून मीच तसं लिहिलं होतं. पहिली पायरी वाफेचा व्हॉल्व्ह उघडण्याची, आणि महिपती आत टाकी घासत होता.

फ्लॉपीवरच्या दुरुस्त प्रोग्रामात पॅनिक आला की आधी व्हॉल्व्ह बंद, मग घंटा, मग सगळं ठप्प. माणसाने उत्तर दिल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. झाकण लावण्याआधी कामगार टाकीवर पान्याने ठोकून विचारतात, "आत कोन हाय?" आत माणूस असला तर म्हणतो, "हाय." ऑपरेटर गुणाजीने हट्टच धरला, म्हणून तोच प्रश्न मी पडद्यावर घातला. NAY टाइप केलं तरच वाफ.

कंट्रोल रूमला खिडकी नव्हती. सडक्या कांद्यासारखा वास कोंडला होता. नवा प्रोग्राम चढवून मी मुद्दाम पॅनिक आणला. व्हॉल्व्ह बंद झाला, घंटा वाजून थांबली. पडद्यावर आलं: AAT KON HAY?

गुणाजी म्हणाला, टाकी सकाळीच रिकामी झाली. मी NAY टाइप केलं. एंटर दाबायच्या आत अक्षरं पुसली गेली आणि उमटलं: HAY.

चडफडत मी कीबोर्डची वायर उपटली. पडद्यावर आणखी एक HAY उमटलं.

गुणाजी पाना घेऊन धावला. ठोकलं, विचारलं, उत्तर नाही. बॅटरी मारली तर तळाशी सफाई कामगार हिरामण बेशुद्ध. राहिलेला गाळ काढायला न सांगता उतरला होता. मास्क लावून दोघांनी त्याला वर काढलं. त्याने डोळे उघडले तेव्हा मला रडूच फुटलं.

तो पुटपुटला, "हाक आयकली... पन मी नाय बोललो. माज्या कानाशी कोनतरी बोललं... हाय."

टाकीचा कोपरान्‌कोपरा पुन्हा पाहिला. रिकामी. कीबोर्ड जोडून मी NAY टाइप केलं. अक्षरं पुसली गेली.

HAY.

गुणाजीने हातातला पाना खाली ठेवला.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "महिपती गेला त्या दिवशी झाकण मीच लावलेलं... न इचारता."