गोष्ट सुरू, कूलर बंद

टप्.

कूलरच्या वाळ्याच्या ताटीतला थेंब बाहेरच्या बादलीत पडला आणि खोलीत सगळ्यांना ऐकू आला. म्हणजे घरघर थांबली, कूलर पुन्हा बंद!

“लाइट तर आहे,” फिरत्या पंख्याकडे बघत श्रावस्ती म्हणाली.

मे महिन्यातल्या बडनेऱ्यात दुपारी कूलर बंद म्हणजे खोलीची भट्टीच. आईनं पुस्तकात बोट घालून गोष्ट थांबवली. सात वर्षांचा पिंटू आणि हिवरखेडहून सुट्टीत आलेला मावसभाऊ शुभम व्हरांड्यात धावले. कूलरचं बटण तिथंच होतं, कोणीतरी बंद केलेलं. पण आसपास कोणी नाही. फक्त शेजारचे नत्थुजी आजोबा तोंडावर पेपर घेऊन तिथल्याच खुर्चीत झोपलेले.

चार दिवस हेच चाललं होतं. बाबांना खात्री होती, आईचं डोकं पुस्तकात असताना ही कार्टीच हळूच बटणाशी खेळतात. संध्याकाळी त्यांनी बजावलं, उद्या पुन्हा असं झालं तर दुपारचं वाचन बंद, सगळ्यांनी गुपचूप झोपायचं. आणि उद्या तर संध्याकाळच्या एसटीनं शुभम परत जाणार होता! पुस्तकाची शेवटची दोनच प्रकरणं उरली होती. पुरात डोंग्यात, म्हणजे छोट्या नावेत, अडकलेली चार मुलं आणि त्यांची लंगडी बकरी वाचतात की नाही, हे कळल्याशिवाय तो घरी जाणार कसा?

गच्चीवर पाणी मारता मारता अकरा वर्षांच्या श्रावस्तीनं हिशोब जुळवला. आई झोपली की कूलर चालतो. पिंटू पाढे म्हणतो तेव्हाही चालतो. पुस्तक उघडलं की मात्र बंद.

“त्याला गोष्ट आवडत नसेल,” पिंटू म्हणाला.

“उलट. कोणाला तरी फार आवडते.”

तिनं आईच्या कानात बेत सांगितला. पुस्तकाशी असं वागणं आईच्या जिवावर आलं, पण शेवटी ती हसून तयार झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांची सुट्टी होती. मुलांवर नजर ठेवायला ते खोलीतच पडून राहिले. आईनं दोन ओळी वाचल्या आणि कूलर बंद. तिन्ही मुलं तर समोरच बसलेली! बाबा उठून बसले. श्रावस्तीनं त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आईनं ठरल्याप्रमाणे मधली सगळी पानं गाळली आणि एकदम शेवटची ओळ वाचली, “चौघं सुखरूप घरी पोचले. संपली गोष्ट.”

 मग खिडकीबाहेरून आवाज आला, “अन् बकरी कुठी गेली? काल तं डोंग्यातच होती!”

नत्थुजी आजोबा! हातात पेपर तसाच.

“मले कूलरच्या आवाजात आयकू येत नाही,” ते ओशाळून म्हणाले. “गोष्ट झाली का बटन चालू करून देतो म्हनलं, तं नादात इसरून जातो.”

“तुमी मजेत आयकत होते, अन् आमी भाजून निघत होतो,” शुभम म्हणाला, आणि आजोबांसकट सगळे हसत सुटले.

बाबांनी तिघांची पाठ थोपटली. “आळ मी घेतला, शोध तुम्ही लावला. चुकलो बाबांनो.” आजोबांची खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आणली, थेट आईच्या शेजारी. कूलर सुरू झाला. गाळलेलं सगळं आईनं पहिल्यापासून वाचलं. बकरी कडब्याच्या गंजीवर उभी सापडली तेव्हा पहिली टाळी आजोबांनी वाजवली.

शुभमची पिशवी दाराशी तयार होती. पिंटू आईला टेकून आजोबांच्या पांढऱ्या केसांकडे बघत होता.

“आई, मी आजोबांएवढा म्हातारा झालो की मला कोण वाचून दाखवील?”

आईनं मिटलेलं पुस्तक उगाच पुन्हा उघडलं.