आर्चीचं ताट

माझ्या बोलण्यातलं निम्मंच खरं धरायचं, असं आमच्या गावात केव्हाच ठरलंय. ही गोष्ट उरलेल्या निम्म्यातली वाटेल, तरी ऐका.

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या आमच्या डोंगरी गावात दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिस्तंभ आहे. संगमरवरावर एकोणीस नावं कोरलेली. दर मे महिन्यात, स्मृतिदिनाचे पाहुणे यायच्या आधी, त्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम माझं. अठरा नावं भरायचो. एकोणिसावं, आर्चीचं, कोरं सोडायचो. अर्गिरो मावशीची तशी ताकीदच होती. बारा वर्षांची असताना ती लोकरीच्या ओल्या गणवेशात गुहेत लपलेल्या आर्चीला पाव पोचवायची. एक दिवस जर्मन वर चढले, आणि त्यानंतर गुहा रिकामीच सापडली.

"प्रेत पाहिलंय कोणी?" मावशी म्हणायची. "मग जित्या माणसाला काळं कशाला फासतोस?"

रोज दुपारी ती घरामागच्या दगडी गडग्यावर त्याचं ताट ठेवायची. जवाचा कडक पाव, चीज, तेलातले ऑलिव्ह. ते रिकामं झाल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. म्हणून मी कामावरून परतताना ते गुपचूप फस्त करायचो. वीस वर्षं. चीज उत्तम असायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी सरपंच लेफ्तेरिस म्हणाला, "आर्चीचे नातेवाईक येतायत, सिफिस. यंदा सगळी नावं भर. का मावशीला भितोस?"

"तूही भितोस. म्हणून तर मला पाठवतोयस."

भर दुपारी त्या नावावर ब्रश टेकवला, आणि खालच्या उतारावरच्या शेळ्यांच्या घंटा थांबल्या. सगळ्या, एकदम. आभाळ कोरडं ठणठणीत, पण ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. दोनदा वळून पाहिलं. मागे नुसतं ऊन. बाकीची नावं तासाभरात वाळली. आर्चीचं मात्र दिवस मावळला तरी ओलंच.

मावशीला कळायचं ते कळलं. तिने ताट पालथं घातलं. "मेलेल्याला जेवण लागत नाही. मलाही नको."

तिसऱ्या दिवशी तिला खाटेवरून उठवेना. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा देह, पोटात नुसतं पाणी. माझा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी सरपंचाच्या शिव्या खात गेलो आणि नावातला रंग खरवडून काढला. तीन दिवसांनीही रंग ओलाच होता. टर्पेंटाइनने हात धुतले, दोनदा.

"मावशी, पुसलं गं. वाढ त्याला."

तिला आधार देत गडग्यापर्यंत नेलं. ताट ठेवून आम्ही आत आलो. तिला खाटेवर बसवलं आणि नेहमीसारखा अंजिराच्या झाडामागून वळसा घालून खायला गेलो.

ताट रिकामं होतं. तेलसुद्धा पावाने निपटून घेतलेलं. काठावर चार बोटं उमटली होती... काळी, ओली. मी माझे हात पाहिले. स्वच्छ होते.

खिडकीतून मावशीचा आवाज आला. "खाल्लं का रे त्याने?"

"हो, मावशी..." वीस वर्षांत तिला सांगितलेलं हे पहिलं खरं.

आत कडक पाव मोडल्याचा आवाज झाला. ती सावकाश चावत होती.

"मग उद्यापासून तू हात लावू नकोस, सिफिस," ती म्हणाली. "रोज तुझ्या मागे उभा राहून बघत असतो तो, तुला खाताना. वीस वर्षं... उपाशी."

ओल्या लोकरीचा वास माझ्या मानेजवळून येत होता.