हत्तीच्या सिनेमाचं दोहन

कोल्हापूरच्या चित्रस्मृती प्रयोगशाळेत, डोक्यातली आठवण भिंतीवर उतरवणाऱ्या स्मृतिदोहक यंत्राच्या खुर्चीत आबा नवा सदरा घालून बसले होते.

"हत्ती कधी येतो ते सांगू का आधी?"

"सांगू नका आबा. नुसतं आठवा," त्यांची मुलगी, डॉ. केतकी जगदाळे म्हणाली.

त्या हत्तीच्या सिनेमाची रिळं केव्हाच जळून गेली होती. पुसेगावच्या जत्रेत, तंबूत तो पाहिलेल्यांपैकी आता आबाच उरले होते. तीन भामटे, राणीचा हार आणि तो गिळणारा हत्ती. आबा सांगू लागले की अख्खी गल्ली पोट धरून हसायची. एरवी शहर असं हसणं विसरलंच होतं. "हल्लीच्या सिनेमात घोडासुद्धा उदास होऊन धावतो," आबा म्हणत.

यंत्र चालवणाऱ्या डॉ. इम्तियाज मुल्लाणींनी केतकीला बाजूला घेतलं. "आठवण वर आली की मेणासारखी मऊ होते. यंत्रानं वाचली की पुन्हा घट्ट होत नाही. गेली ती गेली."

"सिनेमाच जाणार ना? आबांना सांगितलंय मी."

"त्या खेळातलं जे मनात सगळ्यात घट्ट बसलंय, त्याला बांधलेलं सगळंच येतं, केतकी. वेल ओढली की मांडवही येतो. आणि मध्येच थांबवलं तर माणूस शुद्धीवर येत नाही."

"हत्तीला काय बांधलेलं असणार? उसाची मोळी?" केतकी हसली.

आबांनी ऐकलं होतं. "अगं, माझ्यापाशी ठेवून काय करू? माझ्याबरोबर सरणावर जायचा तो. लोक हसू देत की जरा. तुझी आई असती तर तीही हेच म्हणाली असती. काढ तू."

केतकी तान्ही असतानाच तिची आई शेवंता गेली होती. घरात तिचा एक फोटोही नव्हता.

यंत्र सुरू झालं. भिंतीवर तंबू उमटला. मधे दोरी, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. सिनेमाचा पडदा कोपऱ्यात नुसता उजेडाच्या पट्टीएवढा. हत्ती आलाच नाही. दोरीपलीकडे एक मुलगी होती. तिच्या गालांवर उजेड थरथरत होता. ती हसली, पदरानं तोंड झाकलं, पुन्हा हसली.

"पडद्याकडे का बघत नाहीत हे?" मुल्लाणी पुटपुटले.

मग तीच मुलगी चुलीपाशी, गळ्यात काळे मणी. तिनं हात नाकापुढे धरून सोंडेसारखा झुलवला, गळ्यावर हार दाखवला, काहीतरी गिळल्यासारखं केलं.

केतकीला कळलं. आबांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. त्यांना तो आईनं सांगितला होता.

"बंद करा!"

"आता नाही करता येत."

भिंतीवर तोच चेहरा, ओढलेला. दुपट्यातलं बाळ तिनं पुढे धरलं: घ्या ना. मग बाळ एकटंच. रांगणारं. दप्तर घेतलेलं. पांढऱ्या डगल्यातलं. मग भिंत कोरी झाली.

मुल्लाणींनी काही न सुचून तंबूतलं पहिलं चित्र पुन्हा लावलं.

आबांनी डोळे उघडले. केतकीनं त्यांचा हात घट्ट धरला होता. ते संकोचले, हळूच हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे बघत राहिले.

"गोड हसते पोर," ते म्हणाले. "तुमची कोण ही, बाई? तोंडवळा तुमचाच दिसतोय."