निलोफरची बधिर बोटं

दुखणं आलं म्हणून कुणी गल्लीभर पेढे वाटतं का हो? मिरजेत वाटले! सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, बशीरमियांच्या घरी.

तेव्हा सतारींना पॉलिश करायला यंत्रमानव आले होते. तारा जुळवायचं काम मात्र अजून माणसाच्या कानावरच चाले, आणि बशीरमियांच्या बारा वर्षांच्या नातीचा, निलोफरचा, कान भलताच तयार होता. रियाझही तेवढाच. एके दिवशी ती म्हणाली, "दादाजी, डाव्या हाताची बोटं बधिर पडलीत."

म्हाताऱ्याची कळी खुलली. "वा बेटा! बोटं तारेवर पिकली म्हणायची!" बोटांना घट्टे पडले की हात बसला, असं या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. मग काय, पेढे! महिन्याभरात बोटं आपोआप बरीही झाली आणि शंका घ्यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

उन्हाळ्यात तिचा एक डोळा अंधुक झाला. तपासणी-यंत्र म्हणालं, "ताण आहे." तोही निवळला. पण श्रावणात बोटं पुन्हा बधिर झाली. या खेपेला ती बरी झालीच नाहीत. सतारीच्या पडद्यावर बोट कुठे टेकलंय, तेच पोरीला कळेना. ती सतार खाली ठेवून ढसाढसा रडली.

इस्पितळात मेंदूची चित्रं काढली. ती समजावून सांगायला डॉक्टरांनी सुबोध नावाच्या यंत्रमानवाला बोलावलं.

"हे पांढरे ठिपके बघ," सुबोध म्हणाला. "मेंदूचे निरोप मज्जातंतूंमधून (शरीरातल्या निरोप्या तारांमधून) जातात. त्यांच्यावर मायलिन (स्निग्ध आवरण) असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. रोगांशी लढणाऱ्या तुझ्या अंगातल्याच पेशी चुकून तेच कुरतडतायत. मग निरोप वाटेतच अडकतो. या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस (ठिकठिकाणी पडणारे चट्टे) म्हणतात."

"सतारीच्या तारेवर कुठे आवरण असतं?" निलोफर फणकारली.

"म्हणून तर तिचा आवाज खोलीभर पसरतो. मेंदूचा निरोप पसरून चालत नाही. तो नेमक्या बोटालाच पोचावा लागतो."

"मग मधे बोटं बरी कशी झाली?"

"सूज उतरते, आवरण थोडं सांधलं जातं. मुलांमध्ये असे झटके मोठ्यांपेक्षा जास्त वेळा येतात आणि बरेचदा लवकर ओसरतातही. त्यामुळेच माणूस फसतो. चट्टा आत राहतोच."

"पण हा तर थंड मुलखातल्या मोठ्या माणसांचा आजार म्हणतात ना?" बशीरमियांनी विचारलं.

"तिकडे जास्त आढळतो खरा. ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, आनुवंशिकता, लहानपणी होऊन गेलेला एखादा विषाणू, अशी कारणं शास्त्रज्ञ जुळवून पाहतायत. उष्ण देशांतली माणसं तिकडे गेली, की तिकडेच वाढलेल्या त्यांच्या मुलांतही धोका वाढतो. आपल्याकडे तो कमी आहे, मुलांत तर फारच कमी. पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. आम्ही यंत्रं शिकलो ती बहुतेक तिकडच्या मुलांवरून. म्हणून उन्हाळ्यात निलोफरच्या डोळ्याचं खरं दुखणं आमच्यातल्याच एकाने ओळखलं नाही."

"आणि मी मेल्याने पेढे वाटले!" बशीरमियांना हुंदका आवरेना.

निलोफरने एकच विचारलं, "मी पुन्हा वाजवीन का?"

"खोटं सांगणार नाही," सुबोध म्हणाला. "बोटांतली जाण थोडी परत येईल, कदाचित सगळी नाही येणार. पण पुढचे झटके रोखणारी औषधं आहेत. ती वेळेवर घेतली, तर आज जे आहे ते पुष्कळ टिकेल. वेळेवर हेच महत्त्वाचं."

सलाईनमधून औषध उतरू लागलं. बशीरमियांनी नातीचा डावा हात दोन्ही हातांत धरला. तिला ते कळलं नाही. तिने वळून पाहिलं, तेव्हा कळलं.

"इकडच्या मुलांची माहिती आम्हाला सगळ्या यंत्रांना शिकवायची आहे," सुबोध म्हणाला. "नाव न सांगता तुझी देऊ का? घाई नाही. विचार करून सांग."

"घाई नाही कशी?" निलोफर ओरडली. तिचे डोळे भरून आले. "आत्ता दे! कुणाची तरी बोटं आज पहिल्यांदा बधिर झाली असतील."